ब्रीकमधलं अंडं

"आई, आज ब्रीक नवरदेवाला करतात तशी कर," यस्राने स्वयंपाकघराच्या दारातून सांगितलं आणि शादलियाच्या हातातला बटाटा कुस्करायचा राहिला.

दर रविवारी यस्रा ट्युनिसहून गाडीभर खवय्ये घेऊन गार-एल-मेल्हला आईच्या घरी यायची. शहरातली माणसं अंगणात बसून भाजलेले मासे चापायची, समुद्राकडे बघून उसासे टाकायची आणि ऊन उतरलं की निघून जायची. मागे उरायची शादलिया आणि खरकटी भांडी. नवरा गेल्यापासून लेकीचा एक रविवार तेवढा तिच्या वाट्याला होता. लेकीचं लग्न झालं की तोही जायचा.

"आलाय का कोणी?"

"गाडीतच आहे. बघशीलच. आणि लबाडी करायची नाही हं."

शादलियाने खिडकीतून पाहिलं. सगळी पिकल्या केसांची जोडपी आणि त्यांत एकच तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. यस्राने त्याला शिहाब म्हणून हाक मारली. तो सारखा घाम पुसत स्वयंपाकघराकडे बघत होता. पोरगा दिसायला वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं.

इतक्यात ड्रायव्हर मोन्सेफ केपरच्या खारवलेल्या कळ्यांची बरणी घेऊन आत आला. न सांगता दर खेपेला आणायचा.

"आज दाढी कोणासाठी केलीत?" शादलियाने विचारलं.

"रविवार आहे."

"रविवार दर आठवड्याला असतो. दाढी नसते."

त्याचे कान लाल झाले. बायको वारलेली, मुलगा दूर नोकरीला. एरवी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच जेवायचा, भांडी विसळू लागायचा. आज मात्र यस्राने त्याला हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. उंबरा रिकामा दिसला आणि शादलियाला उगाच चुकल्यासारखं झालं.

मुलगी मागायला आलेल्याला सासू ब्रीक वाढते. पातळ पापुद्र्याची घडी, आत बटाटा, टुना मासा, केपर आणि वर फोडलेलं अंडं. बलक आत वाहताच राहतो. चमचा नाही, हातात धरून खायची. ताटलीत एक थेंब पडला की सोयरीक मोडली. हल्ली लोक हे थट्टेवारी नेतात. शादलियाच्या आईने नेलं नव्हतं. थोरल्या लेकीचं पहिलं स्थळ तिने खरोखर वाटेला लावलं होतं.

शादलियाने ब्रीक तेलात सोडली आणि लगेच काढली. आतलं पांढरंसुद्धा धड जमलं नव्हतं. असली ब्रीक न सांडता कोण खाणार? तिची तिलाच लाज वाटली. तरी ती बाहेर गेली आणि ताटली शिहाबपुढे ठेवली.

शिहाबने ती शेजारी मोन्सेफपुढे सरकवली.

"अरे बाळा, ती तुझी आहे."

"मोठ्यांच्या आधी मी कसा खाऊ, मावशी?"

मोन्सेफने ब्रीक दोन्ही हातांनी उचलली, मान तिरकी केली, कोपरा चावला आणि आधी बलक ओढून घेतला. यस्रा चावायची थांबली होती. पडू नये, शादलियाच्या मनात आलं. का आलं, तिलाही कळेना. शेवटचा घास खाऊन मोन्सेफने ताटली तिच्याकडे कलती केली. ताटली कोरडी होती.

यस्राने टाळ्या वाजवल्या.

"जमलं हो तुम्हाला," शादलिया म्हणाली आणि तिला हायसं वाटलं. मग शिहाबचा घामेजलेला चेहरा दिसला. पोरीचं सुख आपणच नासवायला निघालो होतो. दुसरी ब्रीक नीट तळू, बलक जरा आळू देऊ. लेक सुखात राहू दे, आपण काढू दिवस. "थांब हं बाळा, तुझी आणते."

"नको, मावशी." शिहाब उठला. त्याने शर्ट सारखा केला, छातीवर हात ठेवला.

आता मागणार. शादलियाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि हो म्हणायची तयारी केली.

पण शिहाब तिच्याकडे वळलाच नाही. तो यस्रासमोर जाऊन उभा राहिला.

"यस्रा, माझ्या बाबांनी एक थेंबही सांडला नाही. आता सांग, तुझी आई देतेस का त्यांना?"