नांदूरघाटचे पाहुणे

“पितो का?” पाहुण्यानं विचारलं.

“न्हाई,” मंगल म्हणाली. “सुपारीचं खांड बी तोंडात टाकत न्हाई.”

पाहुण्यानं मान हलवली. माणूस पन्नाशीचा, कपडे साधे, बोलणं शहरी. तुमच्या मुलाबद्दल, प्रविणबद्दल थोडं विचारायचंय, एवढंच तो दारात म्हणाला होता. मंगलनं नाव-गाव विचारलं नाही. सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस पहिल्या खेपेला कधी ओळख देतो का? आणि शहाण्या बाईनं ती खोदायची नसते. चहा टाकायचा, विचारील तेवढं सांगायचं.

शेजारच्या शहादेवनं कालच सांगितलं होतं, नांदूरघाटचे पाहुणे आज-उद्या डोकावतील म्हणून. मुलीचे मामा शिक्षक आहेत. हेच ते मामा, हे मंगलनं दारातच ओळखलं.

प्रविणची हैदराबादला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत निवड झाली, तेव्हापासून सोयरिकी चौसाळ्याची वाट विचारत येऊ लागल्या होत्या. फक्त ऑर्डर यायची बाकी होती, तोवर प्रविण शहरात खोली करून होता.

निवडीनंतर प्रविणनं भलामोठा फॉर्म भरला. दोन वर्षांमागं त्याचे वडील अजिनाथ हायवेवर ट्रकखाली गेले. त्यानंतर प्रविण जेवेना, बोलेना. बीडच्या मनोविकार डॉक्टरांच्या गोळ्या आठ महिने चालल्या. तेही त्यानं फॉर्मात लिहिलं, बरा झाल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला.

“आई, आजाराचं त्यानला काय न्हाई,” तो म्हणाला होता. “पर लपवलं की नोकरी गेली. चौकशीला कुणी आलं तर सगळं खरं सांग.”

पंधरा दिवसांपूर्वी पोलीस ठाण्यातून जमादार चौकशीला आले. मंगलनं गोळ्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली, गेले. काम मिटलं. तिला ना हायसं वाटलं, ना धास्ती. अजिनाथ गेल्यापासून तिला कशाचं फारसं काही वाटतच नसे. भाकरी व्हायच्या, कापूस वेचून व्हायचा, दिवस मावळायचा.

“रागीट आहे का?” पाहुणा विचारत होता.

“आवाज चढवलेला म्या तरी ऐकला न्हाई.”

“मित्र कसले आहेत?”

“दोघंच. सत्यम अन् गॅरेजवाल्याचा मुस्तकीम. शाळंपासूनचे.”

“फोनवर फार असतो?”

“माझ्यासंगं बोलतो. ते बी दोन मिनटं.”

पाहुणा हसला. मंगलला माणूस बरा वाटला. मामा असा, तर भाचीही बरी असेल. सून येईल, घरात कुणीतरी मोठ्यानं बोलेल. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी हवंसं वाटलं.

“काही आजारपण?” पाहुण्यानं कप खाली ठेवला. “मनाचं, डोक्याचं?”

मंगलनं पदर सारखा केला. खरं सांगायचं ते सरकारला. सोयरिकीत वेड्यांच्या डॉक्टरचं नाव निघालं, की पाहुणे चहासुद्धा संपवत नाहीत आणि आठ दिवसांत चार गावांत बोभाटा होतो.

“न्हाई,” ती म्हणाली.

“वडील गेल्यानंतरसुद्धा?”

“बाप गेल्यावर रडतंच की लेकरू. त्याला दवाखाना कसला?”

“गोळ्या वगैरे?”

“तापाची बी कधी घेतली न्हाई.”

“नीट आठवून सांगा, ताई. असलं तरी काही बिघडत नाही.”

असं सगळेच म्हणतात, मंगलच्या मनात आलं. “लेकराची शपथ घेऊन सांगते,” ती म्हणाली.

पाहुणा “बरं” म्हणाला. मग उठला, नमस्कार केला आणि चपला घालून गेला.

मंगलनं कप विसळला. जरा जास्तच गोड बोलले का आपण, असं तिला वाटून गेलं. पण नोकरीचं झालं होतं, आता लग्नाचंही होईल. तिनं भाकरीचं पीठ काढलं.

परातीत पाणी घालते तोवर शहादेव दारात आला.

“वैनी, नांदूरघाटवाल्यांचा फोन आलता,” तो म्हणाला. “त्यांच्या भावकीत कुणीतरी वारलं. पंधरा दिवस तरी येत न्हाईत ते.”

मंगलचा हात पिठात तसाच राहिला. शहादेवनं रांजणातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायला आणि तोंड पुसलं.

“अन् काय ओ वैनी, फाट्यावर भारत सरकारची पाटी असलेली जीप उभी हाय. गावात कुणाची चौकशी चाललीय?”