ओलं पॉलिश

फळीवरचा पांढरा डाग पाहताच पॉलिश करणाऱ्या एफी मकास्किलने ओळखलं, की हा आपल्याच घरून येणाऱ्या गरम चहाच्या डब्याचा प्रताप. वर्तुळ पुरतं गोल नव्हतं, एका बाजूला चपटं होतं. डब्याला तो पोचा तिनेच आणला होता, नववर्षाच्या दिवशी, नवऱ्याच्या दिशेने भिरकावून.



"कुणाचा डबा?" फोरमन पेटिग्रूने आपली काळी गोल टोपी आणखी खाली ओढली. स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीकाठच्या त्या जहाजगोदीत अशी टोपी ज्याच्या डोक्यावर, त्याच्या हाती बाकीच्यांची नोकरी. "फळी नुसती आडवी काय ठेवली, सुतारांनी तिचं टेबल केलं! पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याची फळी! मला नाव हवंय, एफी."

"डबा बोलत नाही, मिस्टर पेटिग्रू."

"दुसरी फळी आणावी, तर तीही सोय नाही." त्याने दाराकडे हात केला. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर या फळीची जुळी बहीण केव्हाच बसली होती. दोन्ही एकाच अक्रोडाच्या खोडातून निघालेल्या, पुस्तक उघडावं तशा रेषेला रेष जुळणाऱ्या. डावी जागा रिकामी होती, आणि दहा वाजता कंपनीची बडी मंडळी जहाज बघायला येणार होती. "पुढे पामची कुंडी ठेवू का?"

"ठेवा की. समुद्रात जहाज हललं की कुंडी सरकेल. डाग कुठे सरकतोय?"

पेटिग्रू फळीवर वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "निघेल?"

"निघाला तर?"

"तर मी काही पाहिलंच नाही. राहिला, तर त्या माणसाला आजच्या आज घरी पाठवणार."

तिच्या नवऱ्याला, आर्चीला, इथे सुतार म्हणून लागून चौथा महिना होता. त्याआधी दोन वर्षं तो घरी बसून होता, आणि खिडकीतून गोदीकडे बघत बसलेला आर्ची तिला पुन्हा बघायचा नव्हता.

"तुम्ही बाजूला व्हा," ती म्हणाली. "उजेड अडवताय."

तिने डबीतून आपला बोळा काढला. आत कापूस, वर दहा वर्षं धुऊन मऊ पडलेलं सुती कापड. त्याला स्पिरिट लावलं आणि बोळा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिला. थोडं जास्त झालं तर डागासकट खालचं सगळं पॉलिश निघून येणार, कमी पडलं तर डाग जागचा हलणार नाही. एफीला दोन्हीची भीती वाटली नाही. पंचवीस वर्षांत या नदीवरून गेलेलं एकही मोठं जहाज तिचा हात लागल्याशिवाय गेलं नव्हतं.

बोळा फळीवर उतरला आणि थांबला नाही. थांबला की चिकटतो, चिकटला की ओरबाडतो. एक फेरा, दुसरा, तिसरा. पांढरं वर्तुळ धुरकट झालं. मग त्याची एक बाजू गेली. चपटी बाजू मात्र शेवटपर्यंत अडून राहिली, अगदी आर्चीसारखी. मग तीही गेली. एफीने बोळा चपड्यात, म्हणजे लाखेच्या पॉलिशात, बुडवला, जवसाच्या तेलाचा एक थेंब घेतला आणि अख्ख्या फळीवर नवा हात फिरवला.

दहाला दहा कमी असताना फळी उचलायला दोन सुतार आले. त्यातला एक आर्ची. त्याने खाली फळीकडे बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"अगं एफी, काल मी इथे..."

"तोंड मिट," ती पुटपुटली. "आणि फक्त कडांना धर. ओलं आहे. बोट लागलं, तर ठसा जन्मभर राहील."

त्यांनी फळी उभी केली, जागेवर बसवली आणि वरचे दिवे लावले. लालसर, तपकिरी, खोल रेषा उजळून निघाल्या. एका उमरावाच्या बायकोने बाटली फोडून जहाजाला नाव दिलं, त्याला वर्ष होत आलं होतं. गोदीत मात्र सगळे अजून त्याला बांधणीच्या आकड्यानेच ओळखत. सहाशे नऊ. या सहाशे नऊच्या दिवाणखान्यात बसून आपण कधी अटलांटिक ओलांडणार नाही, हे एफीला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी तिला वाटलं, हे जहाज माझं आहे.

"साहेब मंडळी आली! बायकांनो, समोर राहू नका!" कुणीतरी ओरडलं. एफी खांबामागे सरकली.

कंपनीचे अध्यक्ष सगळ्यात पुढे होते. छत पाहिलं, गालिचा पाहिला, आणि डाव्या फळीसमोर येऊन ते नेमके थांबले. जवळ गेले. आणखी जवळ गेले. पेटिग्रूने टोपी काढून छातीशी धरली. आर्चीने डोळे मिटून घेतले.

अध्यक्षांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि हात उचलला. बोटं फळीपासून वीतभर अंतरावर आली. एफीने श्वास रोखला.

हात तसाच वर गेला. अध्यक्षांनी भांग सारखा केला, टायची गाठ सरळ केली, मान जरा तिरपी करून बघितली आणि मोजा पुन्हा चढवला.

"दाराशी आरसा लावलात, हे उत्तम केलंत," ते पेटिग्रूला म्हणाले. "बायकांना आवडेल."