पडद्यावरचं बिशान

लग्नानंतर शुभदा नुकतीच पुण्याहून सिंगापूरला आली होती. निशिकांत तिला सेंटोसा बेटावर हलत्या खुर्च्यांचा सिनेमा दाखवायला घेऊन गेला.

"घाबरू नकोस. खुर्ची हलते, पाणी उडतं, बाकी सगळं खोटं," तो ऐटीत म्हणाला.

दिवे मालवले, खुर्च्या उसळल्या. पडद्यावरची गाडी जंगलातून सुसाट सुटली, शहरात शिरली आणि ते राहायचे त्या बिशान भागात वळली.

निशिकांत हसला. "अगं, हा तर आपला ब्लॉक."

गाडी त्यांच्याच फ्लॅटच्या दाराशी येऊन थांबली. खुर्च्याही थांबल्या. आता कुणीच ओरडत नव्हतं.

दार उघडलं. दारात शुभदा उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. थेट निशिकांतकडे बघत तिने विचारलं, "आलास? आणि ही कोण तुझ्याबरोबर?"

शेजारच्या खुर्चीतल्या शुभदाने त्याचा हात घट्ट धरला.

"उत्तर देऊ नकोस," ती शांतपणे म्हणाली.