टेलपर्यंत

बोटीचं दार लागलं तसा कांताबाईंचा जीव भांड्यात पडला. आता मारोतीरावांना कुठं जाता येणार नव्हतं.

राग आला की मारोतीराव उठून चालू लागत. बाभुळगावकडच्या एका कालव्यावर ते एकतीस वर्षं चौकीदार होते, त्यामुळे चालायला कालवा हाताशीच असायचा. टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, अकरा किलोमीटर जायचे, अकरा यायचे आणि आल्या आल्या जेवायला मागायचे. भांडण तोवर शिळं झालेलं असायचं. नवरा उठून जाणार नाही अशी जागा कांताबाई अठरा वर्षं शोधत होत्या. ती जागा आम्स्टरडॅमला सापडली.

पोरगा अश्वजित तिथं जवळच नोकरीला. जानेवारीतल्या शनिवार-रविवारी तो आईबापाला हे जुनं शहर दाखवायला घेऊन आला होता. "तू काठावर थांब, आम्ही दोघंच बसतो," असं आई म्हणाली तेव्हा तो चक्क लाजला.

बोट सुटली. काचेचं छत, चाळीस माणसं, मराठी कळणारं एकही नाही. लग्नानंतर एवढा एकांत दोघांना पहिल्यांदाच मिळत होता. कानाला लावलेल्या यंत्रात एक बाई शहराची माहिती देत होती. कांताबाईंनी भलतंच बटण दाबल्यामुळे ती भलत्याच भाषेत देत होती, पण इतक्या आपुलकीनं, की यंत्र काढून ठेवायची त्यांना भीड वाटली.

मारोतीराव पाण्याकडे बघत होते. पाणी थेट घरांच्या भिंतींना लागलं होतं.

"कोणाची पाणीपाळी चालू आहे?" ते म्हणाले. "ना गहू, ना हरभरा. एवढं पाणी कोणासाठी सोडून ठेवलं?"

"असंच राह्यते म्हणे इथं."

"अन चोरत नाई कोणी? खिडकीतून बादली टाकली तरी भरते." त्यांनी उसासा टाकला. "आपल्या इथं देवसिंगले एक रात निंघाली नाई."

विषय असा आपल्या पायानं चालत आला.

अठरा वर्षांपूर्वी कोणीतरी पहाटे कालव्याच्या गेटचं कुलूप काढून पाणी सोडलं. मारोतीरावांना मेमो मिळाला. गेटाखालचं पहिलं वावर देवसिंगचं, तेव्हा चोर देवसिंगच, असा निकाल त्यांनी मनातल्या मनात देऊन टाकला. लहानपणापासूनचा दोस्त. तेव्हापासून तो रस्त्यात बोलायला थांबला की मारोतीराव ढग बघत पुढं निघून जायचे. मे महिन्यातसुद्धा.

कांताबाईंनी कानातली बाई काढून मांडीवर ठेवली.

"देवसिंगभाऊनं नाई उघडलं ते गेट. म्या उघडलं. चाबी तुमच्या खिशातून घेतली."

मारोतीराव उठले. बोट डुगडुगली. चालकानं स्पीकरवरून फार नम्रपणे काहीतरी सांगितलं आणि चाळीस माणसांनी वळून पाहिलं. तरी ते ताडताड सात पावलं चालून गेले. तिथं बोट संपली. ते परत येऊन बसले.

दोन पूल गेले.

"काहून वं?"

"तुळसाबाईचा हरभरा वाळून राह्यला होता. टेलले तिचंच वावर. त्याच्या लय आधी, अश्वजित तीन महिन्यांचा होता तवा, मी तापानं पडली होती, तुम्ही कालव्यावर. दीड महिना तिनं आपल्या लेकरासंगं त्याले पाजलं. म्या एक पहाटेचं पाणी दिलं जी."

पुढच्या पुलावर अश्वजित उभा होता. सहा फूट उंच, अंगात लाल जाकीट, दोन्ही हात हलवत होता. मारोतीराव त्याच्याकडे बघत राहिले. बोट पुलाखाली गेली, तरी वर छताकडे बघत राहिले.

"किती आटे फिरवलं गेट?" त्यांनी विचारलं.

"चार."

"चार आट्यात टेलले पाणी पोचतच नाई. मधातलेच वावरं पिऊन टाकतात. उगाच सांगून राह्यली तू."

"पोचलं. देवसिंगभाऊनं मले पाह्यलं. आपल्या वावराचं तोंड बुजवलं अन फावडं घेऊन पाण्यासंगं टेलपर्यंत गेले. जे वावर लागलं त्याचं तोंड बुजवत. मले म्हणे, वहिनी, मारोतीले सांगू नोका. लय इमानदार आहे. तो तुमच्याच नावाचा रिपोर्ट लिहीन अन संगं आपलीही नोकरी घालवून बसन."

मारोतीराव परत पाण्याकडे बघू लागले.

"लिहिला असता?" कांताबाईंनी हळूच विचारलं.

"लिहिला असता," ते म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "लाव फोन त्याले."

कांताबाईंना फोन एकाच तऱ्हेनं लावता यायचा, व्हिडिओचा. तिकडं नऊ वाजून गेले असतील. बऱ्याच वेळानं देवसिंगनं तो उचलला आणि आयुष्यभराच्या सवयीनं कानाला लावला. बल्बच्या उजेडात स्क्रीनभर एक कान आला. म्हातारा, केसाळ, पाळीला जुन्या बाळीचं भोक.

"कोण?" कान म्हणाला.

"जय सेवालाल, देवसिंग." मारोतीरावांनी त्याच्या तांड्यातला नमस्कार घातला. "मारोती बोलून राह्यलो."

कान हलला नाही.

"कांतानं सांगितलं मले. गेटाचं."

"सांगितलं?" कान घाबरला. "अन पेन्शन? पेन्शन सुरू झाली न तुही?"

"झाली."

"मंग काही हरकत नाई."

मारोतीरावांनी फोन खिडकीच्या काचेला नीट टेकवून ठेवला, डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि त्या कानाला दोन्ही हात जोडले.