पिवळ्या लोकरीचे टाके

"रांगेत या. आधी किटली, मग तुमचा पट्टा."

म्हातारीने मान वर केली नाही. निखाऱ्यात तापलेली डागणी तिने आधी राळेला, मग कथलाला टेकवली. चर्र आवाज झाला, धूर निघाला आणि किटलीचं भोक बुजलं. पडक्या पंपघराच्या या एकाच खोलीवर छप्पर उरलं होतं. इथे बसून ती लोकांच्या भांड्यांना, तुटक्या तारांना डाग द्यायची.

तो मुकाट्याने किटलीवालीच्या मागे उभा राहिला. अंगात निळा पोशाख, पाठीवर लाल शेला.

"नाटकातले का हो तुम्ही?" किटलीवालीने विचारलं.

त्याच्या शहरात शेंबडं पोरसुद्धा त्याला ओळखायचं. हे शहरही तेच होतं. घड्याळाचा मनोरा तोच, फक्त कमरेत मोडलेला. पूल तोच, पण त्याचे नुसते खांब उरलेले. सकाळी उडता उडता कमरेच्या पट्ट्यातून ठिणग्या निघाल्या आणि कुणीतरी भिरकावून द्यावं तसा तो कितीतरी वर्षं पुढे, या ओसाडीत येऊन आदळला होता.

"डाग सुटला तर परत येईन हं," किटलीवाली जाता जाता म्हणाली.

"सुटला तर तीच किटली माझ्या डोक्यात घाल."

मग म्हातारीने त्याचा पट्टा मांडीवर घेतला.

"एवढा जोडून द्या, आजी," तो म्हणाला. "मी मागे जातो. हे असलं काही घडूच देणार नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली. वेड्या गिऱ्हाइकांची तिला सवय होती.

पण तो खोटं बोलत नव्हता. त्याची कामाची रीतच तशी होती. आग असो, पूर असो, पहिल्या खेपेला हातून चूक झाली की तो पट्ट्याचं बटण दाबायचा, घडीभर मागे जायचा आणि तेच काम पुन्हा करायचा. दुसऱ्या खेपेला सगळे वाचायचे. पहिली खेप पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली जाते, असं तो धरून चालला होता.

तुटलेली तार शोधायला म्हातारीने पट्ट्याचं अस्तर उलटलं. आत पिवळ्या लोकरीचे टाके होते. वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड. तिचा हात थांबला.

"हे कुणी शिवलं?"

"मुलीने माझ्या." त्याला हसू आलं. "पहिल्यांदाच सुई धरली होती हातात. कालच तिचा पुढचा दात पडलाय. संध्याकाळी लवकर येतो म्हणून सांगून निघालोय मी."

म्हातारीने डागणी निखाऱ्यात ठेवून दिली.

"नदीचा बांध फुटला तेव्हा ती छपरावर होती. आईचा हात तिच्या हातातून सुटला."

तो दचकला. "ती पहिली खेप. मी लगेच मागे गेलो आणि पाणी यायच्या आत दोघींना उचललं. मुलीला तर त्यातलं काही माहीतसुद्धा नाही. तुम्हाला कसं..."

"तू म्हणालास, डोळे मीट. मी सांगेन तेव्हाच उघड."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. मग टाक्यांकडे. मग तिच्या ओळखीच्या हनुवटीकडे.

"मी मिटले, बाबा," ती म्हणाली. "तू सांगितलंच नाहीस."

आपण निघून गेल्यावर मागे काय उरतं, हे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"मी मागे जातो," तो घाईने म्हणाला. "त्याच छपरावर जातो आणि..."

"गेलास की तू. तिकडे सगळं नीट झालं. इथे फक्त तू गेलास." तिच्या आवाजात राग नव्हता. तो केव्हाच विझून गेला असावा. "आई आहे ना तिकडे?"

"आहे."

"काय करते?"

"तुझ्यावर ओरडते. दप्तर जागेवर ठेवत नाहीस म्हणून."

म्हातारी हसली. "दाताचं म्हणशील तर माझे सगळेच पडले." बोळक्यावर हात धरून ती पुन्हा हसली, मग हळूच म्हणाली, "शाळेत जाताना अजून वळून बघते का रे ती?"

"बघते. कोपऱ्यावर थांबते. 'जा, मी बघतोय' म्हटल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही."

तो तिच्यासमोर खाली बसला. "मी कुठेही जात नाही. इथेच राहतो, तुझ्यापाशी."

म्हातारीने डागणी उचलली. तार जुळवली, कथलाचा थेंब सोडला, फुंकर घातली. अस्तर पूर्वीसारखं खाली केलं. पिवळ्या टाक्यांना तिने धक्का लावला नाही. मग त्याला हाताला धरून उठवलं आणि पट्टा स्वतः त्याच्या कमरेला बांधला.

"लहान आहे ती. दारात बसली असेल. ती किती वर्षं बसू शकते, ते मला विचार."

शेवटी त्याने बटणावर बोट ठेवलं. पट्टा गुणगुणू लागला. तो आवाज ऐकताच म्हातारीने डोळे मिटून घेतले. घट्ट, लहान मुलं मिटतात तसे.

लोक घाबरू नयेत म्हणून बटण दाबण्याआधी आपण त्यांना डोळे मिटायला सांगतो, असं तो स्वतःला सांगत आला होता. खरं तर त्यालाच त्यांच्याकडे बघवत नसे.

त्याने बटणावरचं बोट काढलं.

"उघड," तो म्हणाला.

तिने उघडले. तो समोरच होता, आणि रडत होता. तो दाराबाहेर जाऊन वळला. म्हातारी सावकाश दारापाशी गेली आणि चौकटीला हात टेकून उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "मी बघतेय."