पांढरी काच

गाव्रिलने दोनदा हॉर्न वाजवला. त्याचा हॉर्न म्हाताऱ्या बैलासारखा घोगरा होता, गावात कुणीही डोळे मिटून ओळखावा असा. कडेला उभ्या हिरव्या गाडीतून उत्तर आलं नाही. ना हॉर्न, ना दिव्यांची उघडझाप. इंजिन मात्र चालू होतं. गाडीभोवती धूर साचला होता आणि खिडक्यांच्या काचा चारही बाजूंनी पांढऱ्याफेक होत्या.

"प्रोकोपीची गाडी," गाव्रिल म्हणाला. कमी केलेला वेग त्याने पुन्हा वाढवला. "बसू दे फुगून. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

"अरे, थांबायचं नाही का?" शेजारी बसलेल्या त्याच्या सासूने, फेव्रोन्याने विचारलं.

"इंजिन चालू आहे ना, आई? म्हणजे माणूस उबेत आहे. माझं तोंड बघायचं नाही म्हणून काचसुद्धा पुसली नाही त्याने."

जावई आणि प्रोकोपी दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे फेव्रोन्याला ठाऊक होतं. तळ्याच्या बर्फाखालून गावाने जाळं ओढलं होतं, मासे सगळ्यांत सारखे वाटायचे होते. तेव्हा प्रोकोपी चारचौघांत म्हणाला होता, "गाव्रिलची पिशवी जरा जड दिसते." गाव्रिलने पिशवी तिथेच बर्फावर उलटी केली. एकही मासा जास्तीचा निघाला नाही. पण चोर हा शब्द न उच्चारताही चिकटायचा तो चिकटलाच.

बाहेर उणे चोपन्न अंश होतं. इंदिगिर्का नदीकाठच्या या रस्त्यावर उभी गाडी दिसली की थांबायचं, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. त्या नियमावर अर्धं गाव आज जिवंत आहे. इंजिन चालू असेल तर दोनदा हॉर्न द्यायचा आणि उत्तर आलं की पुढे निघायचं. गाव्रिलने हॉर्न दिला होता. उरलेला अर्धा नियम त्याने सोयीस्कर गिळून टाकला.

फेव्रोन्या तालुक्याच्या दवाखान्यातून नवी कवळी घेऊन परत चालली होती. थंडीत हिरड्यांना झोंबते म्हणून ती तिने आतल्या खिशात ठेवली होती. काही काम नव्हतं, म्हणून ती चमच्याच्या दांड्याने आपल्या बाजूची काच खरवडत होती. श्वास सोडला की तो गोठून काच पांढरी व्हायची. ती खरवडायची. पुन्हा पांढरी व्हायची. त्या थरात तळहाताएवढं भोक तिने सकाळपासून राखलं होतं.

अचानक तिचा चमचा थांबला.

"जावईबापू, प्रोकोपी तुझ्यावर रुसलाय ना?"

"मग?"

"तुझ्यावर रुसेल रे. रस्त्यावर कशाला रुसेल? भोक पाडल्याशिवाय गाडीत कोण बसतं? माझं बघ, बाहेर बर्फाशिवाय काही नाही, तरी खरवडतेच आहे."

गाव्रिलला हिरवी गाडी आठवली. चारही काचा पांढऱ्या होत्या. एकाही काचेला भोक नव्हतं.

तिथे गाडी वळत नव्हती. दोन्हीकडे पुरुषभर उंच बर्फाच्या भिंती. मागे वळण्यासाठी आणखी दोन किलोमीटर पुढे जावं लागलं, आणि ते दोन किलोमीटर त्याला जन्मभर पुरले असते. एकूण चौदा किलोमीटर ते प्रोकोपीला मागे टाकून आले होते. प्रोकोपीची बायको आगाफ्या गाव्रिलच्या डोळ्यांसमोरून हलेना. ती विचारील, तू त्याच रस्त्याने आलास ना, तुला तो दिसला नाही? आणि त्याला म्हणावं लागेल, दिसला.

"हळू चालव," फेव्रोन्या म्हणाली. लगेच म्हणाली, "नको, जोरात चालव." तिचे ओठ हलत होते. कवळी कधीच तोंडात गेली होती आणि दात एकमेकांवर वाजत होते.

हिरवी गाडी तशीच उभी होती. आता त्याला दिसलं, धूर शेपटीकडून येत नव्हता, पोटाखालून येत होता. धुराची नळी मध्येच तडकली होती. अर्धा धूर बाहेर, अर्धा आत. दार गोठून बसलं होतं. त्याने लाथा घातल्या, खांदा लावला, शेवटी ते उघडलं. प्रोकोपी दाराच्या बाजूला कलंडला होता. गाल लालबुंद, नुकत्याच न्हालेल्या माणसासारखे. विषारी धूर चढला की गाल असेच होतात, म्हणून त्या तजेल्याचीच गाव्रिलला जास्त भीती वाटली.

दोघांनी त्याला ओढत आपल्या गाडीत आणून टाकलं. फेव्रोन्याने दार सताड उघडं ठेवलं, त्याचा गळपट्टा सोडला आणि फाडफाड थोबाडीत मारायला सुरुवात केली. "मेल्या, श्वास घे! तुझ्या आईला मी काय सांगू? घे श्वास!"

तिसऱ्या की चौथ्या थपडेला प्रोकोपी खोकला. मग ओकला. फेव्रोन्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

गाव्रिल हिरव्या गाडीचं इंजिन बंद करायला गेला. या थंडीत इंजिन बंद करायचं नसतं, पुन्हा सुरू होत नाही, तरी केलं. किल्ली फिरवताना त्याची नजर चालकाच्या काचेवर गेली. आतल्या बर्फात, अगदी खाली, नखाची एक रेघ होती. बोटभर लांब. तिथेच थांबलेली.

तो परत आला तेव्हा प्रोकोपीने डोळे उघडले होते. गाव्रिलला त्या डोळ्यांकडे बघवेना.

"मघाशी हॉर्न ऐकला होता मी," प्रोकोपी पुटपुटला. "हात वर जाईना. पण ओळखला. म्हटलं, गाव्रिल आहे, म्हणजे थांबेल."