गुरुजींची फुंकर

फुंकायच्या चाचणीत क्लॅरिनेटवाला दुसऱ्यांदा नापास झाला. उभा जन्म फुंकण्यात गेलेला माणूस, आणि त्या नळीत श्वास टिकेना. यंत्रच बिघडलं असेल, असं त्याने तिथल्या तंत्रज्ञाला सांगून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीच्या स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. "फुप्फुसांत व्रण पडलेत. ती कडक होत चाललीत."

"व्रण? मला तर कधी काही लागलं नाही."

"हे आतले. कशामुळे, तेच शोधतेय. विडी-सिगारेट? दगडाची, लाकडाची धूळ? घरात कबुतरं? भिंतींना ओल?"

प्रत्येकाला तो नाही म्हणत गेला आणि गोंधळून बायकोकडे बघत राहिला. घर लख्ख ठेवणाऱ्या तिला तर हे प्रश्न जिव्हारी लागले.

"मुलीकडे राहिलो तेव्हा हे ठणठणीत होते," ती फणकारली. "घरी आलो की पुन्हा धाप."

"हवापालट, दुसरं काय," तो म्हणाला.

"तिकडे वाजवत होतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे. नातू तान्हा, म्हणून वाद्य घरीच ठेवलं. आल्यावर मात्र दुप्पट रियाज केला. दम वाढवायला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. इथून थेट कार्यक्रमाला जायचं म्हणून आणलेली क्लॅरिनेटची पेटी त्याच्या काखेतच होती. बाईंनी ती उघडायला लावली. कुबट वास आला.

"आतून कधी पुसता?"

"पुसायचं नसतं. आमच्यात कुणीच पुसत नाही. गुरुजींची फुंकर आहे त्यात."

बाईंनी नळीत बॅटरीचा उजेड टाकला. आत हिरवट थर होता. "आणि बुरशीही दिसतेय. तपासायला पाठवू. हीच कारण निघाली, तर हे वाद्य बंद. पडलेले व्रण जायचे नाहीत. पुढचे कदाचित थांबतील."

"पण वाजवल्याने छाती मजबूत होते ना?"

त्याला रडू आलं, पण रागवावं कुणावर ते कळेना. आजवर ज्यांच्या पाया पडून वाजवलं, त्यांच्यावर कसं रागवायचं?

तंत्रज्ञाने हातमोजे चढवले, क्लॅरिनेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि तोंड आवळायला घेतलं.

"गाठ जरा सैल मारा," क्लॅरिनेटवाला धापा टाकत म्हणाला. "आत गुदमरायला होईल."